सोनुबाईची जोडवी

७ नोव्हेंबर १९८३
आलो एकदाचा बेळगावला! मिरजेत मोडक्या हाडांचे फोटो काढून काढून कंटाळलो होतो. इथल्या खाजगी दवाखान्यात अँजिओग्राफीचं नवं मशीन आलंय आणि ते चालवायला एक्स-रेवाला हवा होता. अनगोळात खोलीही मिळाली. घरमालकीणबाई निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलतात. मला त्यातलं निम्मंच कळतं, पण त्यांचा चहा पुरता कळतो. महिनाअखेरीस नीलाला घेऊन येईन. लग्नाला दोन वर्षंच झालीत, तिच्याशिवाय करमत नाही.

१० नोव्हेंबर
मशीनवर जीवच जडलाय. डॉक्टरसाहेब जांघेतल्या रक्तवाहिनीत सुई घालतात, तिच्यातून बारीक नळी सरकवतात आणि औषध सोडतात. मी बटण दाबलं की खाडखाड एकामागून एक फिल्मा सरकतात. एरवी फोटोत न दिसणारी रक्तवाहिनी औषधामुळे पांढरी उमटते; आधी मांडीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, शेवटी बोटांपर्यंत. जिथं रेघ तुटते तिथं रक्त अडलेलं. निपाणीकडचे बिडी ओढणारे फार येतात, पायाची बोटं काळी पडलेले.

१४ नोव्हेंबर
आज सोनुबाई आली होती. निपाणीच्या तंबाखू वखारीत कामाला. हा आजार बायकांना सहसा होत नाही, त्यामुळे साहेब फार उत्सुक होते. अंगावर धातू चालत नाही, फोटोत त्याची सावली पडते. ताईत निघाला, पण पायातली जोडवी काढू देईना. नवरा जिवंत असताना काढायची नसतात म्हणून रडायला लागली. नवरा भरमा बाहेर बाकावर बसून होता, त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. वेळ चालला होता. मी हसत म्हटलं, फोटो झाला की माझ्या हातानं परत घालीन, शब्द देतो.

आमच्या आया तानीबाई खो खो हसल्या. "अगं बाई! आमच्यात लग्नात नवराच घालतोय की जोडवी. तुमी कसं घालतासा, अण्णा?"

सोनुबाई हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि मग पाय पुढे केला. बोटं सुजली होती, जोडवी पकडीनं तोडावी लागली.

औषध गेलं आणि तिचा चेहरा सुजला, श्वास अडकला. आम्ही शर्थ केली. बाई गेली. फार वाईट वाटतंय.

१५ नोव्हेंबर
भरमानं टेम्पोतून प्रेत नेलं. जोडवी एनॅमलच्या वाटीतच राहिली. साहेब म्हणतात, आधी थोडं औषध देऊन तपासलं होतं. मी तरी पाहिलं नाही. तानीबाईही आज माझी नजर चुकवत होत्या. यांचं काहीतरी शिजतंय.

२१ नोव्हेंबर
एका बिडीवाल्या म्हाताऱ्याच्या फिल्मा धुतल्या. दोन पाय, आणि कडेला तिसरा! वापरलेली फिल्म पुन्हा कुणी घातली असणार. तानीबाईंवर नजर ठेवायला हवी.

२४ नोव्हेंबर
नवा खोका मी स्वतः फोडला. आजच्या पेशंटच्या फिल्मांतही तिसरा पाय. पहिल्या फिल्मवर कडेला, शेवटच्या फिल्मवर मधोमध. दुसऱ्या बोटाला खाच आहे, जोडव्याची असते तशी. सोनुबाईच्या फोटोत पांढरी रेघ गुडघ्याखाली तुटली होती. या पायात ती घोट्यापर्यंत उतरलीय.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, दोनच तर पाय आहेत, मार्तंड, रजा घ्या. खोटं बोलत होते का? कपाळावर घाम का होता मग?

२७ नोव्हेंबर
जोडवी द्यायला निपाणीला गेलो. भरमा उंबऱ्याच्या आतूनच बोलला, हात पुढे केला नाही. शब्द तुम्ही दिलासा, मी न्हाय. ती मला आता कशाला इचारंल? एवढं बोलून दार लावून घेतलं. हा माणूस घाबरलाय, पण आपण सुटलो म्हणून त्याला हलकंही वाटतंय.

२९ नोव्हेंबर
नीलाला काल आणलं. आज सकाळी म्हणाली, पायाचं बोट बधिर झालंय, जोडवी घट्ट होतायत. बोट बघितलं. निळं पडलंय. बर्फासारखं गार. तिला काही सांगितलं नाही. मला भीती वाटतेय, फार भीती.

३० नोव्हेंबर
टेबलावर पेशंट नसताना फिल्म काढली — एकच पाय उमटला. रेघ आता बोटांच्या मुळाशी. नीलाला चालवत नाही. साहेब म्हणतात, उद्या तिचीही अँजिओग्राफी करू. त्या टेबलावर माझी नीला — नाही. मुळीच नाही.

१ डिसेंबर, सकाळ
डार्करूममध्ये आहे. आतून कडी लावलीय. लाल दिवा. हातात जोडवी.

स्टुलावर पावलं आहेत, आता दोन्ही. आता फिल्म लागत नाही.

नीलाला सोड. तुझं तुला देतो —

घातली. दोन्ही. दाबून बसवली. वाटलं होतं गार असेल — पाय ऊबदार आहेत —

शब्द पाळला. आता जा —

जात नाही. माझ्या शेजारी उभी राहिलीय. डावीकडे. पदर डोक्यावर —

बाहेर तानीबाई दार बडवतायत. घरमालकीणबाई आल्यात म्हणे. नीलाचं बोट गरम झालं — देवा, वाचली —

तानीबाई रडतायत का? "अण्णा, वैनीच्या पायातली जोडवी गळून पडली वं — आपल्याआप — दोन्ही — अण्णा, आत हाईसा न्हवं? बोला की —"

ओरडून सांगतोय, मी आहे, जिवंत आहे —

त्यांना ऐकू जात नाही. दार फोडतायत. मी दाराशीच तर उभा आहे — हाका मारतोय — मग जमिनीवर पडलंय ते कोण —

तिनं माझा हात