फक्कीच्या रेघांतलं घर

दादा,

तू काढलेल्या नकाशातली अधांतरी गच्ची उभी राहील. तुझी असली थेरं आजवर मीच निस्तरली, हेही निस्तरीन.

आपल्या आईचं जुनं घर पाडून झालं. नेहमीसारखं आधी जमिनीवर पांढऱ्या फक्कीने तुझं नवं घर आखलं. आई हौसेने रेघांमधून फिरली. दिवाणखाना, तुझी अभ्यासिका, पाहुण्यांची खोली. मग म्हणाली, "माझी खोली कुठली रे?"

मी नकाशा उलटसुलट करून पाहिला. शेवटी जिन्याखालची अडगळीची जागा दाखवली. जिना अजून नव्हताच, तरी ती वाकून आत शिरली. म्हणाली, "पुरेल की."

हे तुला कळवायचं नाही, असं तिने बजावलंय.

तुझा,
ठेकेदार