मेन रोड मोकळा करण्याची योजना

१२ जानेवारी
व्यापारी मंडळाने मला ट्रॅफिक आणि पार्किंग समितीचा अध्यक्ष केलं. एकमताने. (बाकीचे चहाला उठले होते, पण विरोध कोणीच केला नाही.) अक्कलकुव्याचा बाजार वाढला, रस्ता तेवढाच राहिला. कोणीतरी डोकं लावायलाच हवं होतं.

मुख्य त्रास : डोंगरातल्या जीपा. वीस वर्षं बरोबर माझ्या दुकानासमोर थांबतात. 'इरफान स्टील सेंटर'मधलं रस्त्यावरून फक्त 'टर' दिसतं.

१५ जानेवारी, स. ९
सर्वे सुरू. दुकानाच्या पायरीवर बसून वाहनं मोजली. तासाभरात १८६. त्यात एक रिक्षा चौदा वेळा. ती एक धरायची की चौदा? टेक्निकल प्रश्न आहे.
दहानंतर गिऱ्हाइकं आली, मोजणी बंद पडली. गिऱ्हाइकांमुळे कामात फार व्यत्यय येतो.

२२ जानेवारी
प्लॅन तयार. मेन रोड वन-वे. जीप स्टॅण्ड नाल्यापलीकडच्या मोकळ्या जागेत. तिथून बाजार चालत दहा मिनिटं. चालणं तब्येतीला चांगलं.

रजियाला नकाशा दाखवला. ती म्हणाली, "जीपमधून उतरलेला माणूस समोर दिसेल त्या दुकानात शिरतो. तिकडे उतरल्यावर त्याला समोर काय दिसणार?"
मी म्हणालो, "नाला."
ती म्हणाली, "मग?"
बायकोला नकाशा उगाच दाखवला.

५ फेब्रुवारी, बाजाराचा दिवस
पहाटे स्वतः चुन्याच्या रेघा मारल्या. पायरीशी भाजी घेऊन बसणाऱ्या रंजनाबाई कोरीट गावच्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुन्ही रेघ मन्ही टोपलीवरथीन जाई ऱ्हायनी." टोपली हलवा म्हटलं. हलवली नाही. नकाशात तिथे वळण दाखवलं.
दुपारपर्यंत शेळ्यांनी रेघा पुसल्या. प्रयोग म्हणून समाधानकारक.

९ फेब्रुवारी
वरून मंजुरी आली! अर्ज माझा, सही साहेबांची, शिक्का गोल. बाजाराच्या दिवशी हवालदारही मिळणार. शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं होतं : 'ही व्यवस्था कोणाही एका दुकानदाराच्या सोयीसाठी बदलू नये.' खाली रेघ मारली होती.

१२ फेब्रुवारी
यश! सगळ्या जीपा नाल्यापलीकडे. जामसिंग जीपवाला भांडायला आला. म्हणाला, "शेठ, माझ्या जीपमध्ये म्हातारी बसते, पोरवाली बाई बसते. इथपर्यंत चालून ती तुझा हंडा घेणार, अन् डोक्यावर परत नेणार?"
मी त्याला रस्त्याची रुंदी समजावली. तो हसला. म्हणजे पटलं असावं.

रस्ता इतका मोकळा की एक म्हैस मधोमध बसली आणि कोणालाच अडचण झाली नाही. बोर्ड पहिल्यांदाच पूर्ण दिसला. फोटो काढला. फोटोत दुकानाबाहेर कोणीच नाही, त्यामुळे फार स्वच्छ आला.

१६ फेब्रुवारी
धंदा जरा थंड. कारणं : १) लग्नं. २) ऊन. ३) परीक्षा जवळ आल्यात.
रंजनाबाईंनी टोपली उचलून स्टॅण्डवर नेली. आता रेघ सरळ मारता येईल.

१९ फेब्रुवारी, बाजाराचा दिवस. पहिला रोजा
चार माणसं पायरी चढली. चौघांनी जीप स्टॅण्ड कुठे ते विचारलं. चौघांना नीट सांगितलं. एकाला नकाशा काढून दिला.

रजिया स्टॅण्ड बघून आली. बाहेरगावच्या भांडीवाल्यांनी तिथे ताडपत्र्या टाकल्यात म्हणे. आपणही लोटगाडी लावू, म्हणाली. मी म्हणालो, समितीच्या अध्यक्षाने गाडी लावली तर त्याला अतिक्रमण म्हणतात. ती म्हणाली, "डोंगरातली होळी वर्षातून एकदा येते. त्यासाठी मागवलेल्या पत्र्याच्या पेट्या छताला लागल्यात. तुमच्या समितीला विका."
इफ्तारीला खजूर मात्र ठेवले होते.

२४ फेब्रुवारी
हवालदाराला सहज म्हणालो, प्रयोग यशस्वी झाला, आता स्टॅण्ड परत आणायला हरकत नाही. त्याने खिशातून आदेशाची झेरॉक्स काढली आणि शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. रेघ मारलेलं. वाचतो छान.

२६ फेब्रुवारी, होळीचा बाजार
स. ११ : एकही माणूस नाही. बाहेरून गर्दीचा आवाज येतोय, पण नाल्याकडून.

दु. १ : ठरवलं. लोटगाडीवर बावीस पेट्या लादल्या. हे अतिक्रमण नाही, पाहणी आहे. कोपऱ्यावर हवालदाराने अडवलं. "इरफानशेठ, वन-वे." मी म्हणालो, सरळ गेलं की दहा मिनिटांवर तर स्टॅण्ड आहे. तो म्हणाला, "तेच ना. तुम्हीच मोडलात तर लोक काय म्हणतील?" फार आदराने बोलला.

गाडी वळवली. हायवेला वळसा, मग मागच्या रस्त्याने. नकाशात हे अंतर बोटाएवढं आहे. रोजा, ऊन, आणि दर खड्ड्याला बावीस पेट्या एकदम वाजतात.

पोचलो तेव्हा जीपा निघत होत्या. टपावर पेट्या, हंडे, घमेली. सगळं नवं, चकचकीत. माझं एकही नाही.

जामसिंगच्या जीपमध्ये मागे कालीबाई बसली होती. अब्बांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. तिच्या तिन्ही मुलींच्या लग्नाच्या पेट्या आमच्याकडच्या. मांडीवर नवी पेटी होती, दुसऱ्याकडची. मला बघून तिने ती लुगड्याच्या पदराखाली झाकायला घेतली. मावली नाही.

म्हणाली, "इरफान, तुझं दुकान बंद झालं ना? सगळे सांगतात. आम्हाला वाईट वाटलं रे."

वन-वे, स्टॅण्ड, मंजुरी, सगळं समजावून सांगायचं मनात होतं. पण जामसिंगने हॉर्न दिला.

मी म्हणालो, "हो, कालीबाई. बंद झालं."