सीडी ड्राइव्हवरची लाल फुली

४ फेब्रुवारी २००२, काचीगुडा

लॅपटॉपचा सीडी ड्राइव्ह सकाळपासून दिसत नाही! खण उघडतो, दिवा लागतो. पडद्यावर मात्र त्याचे नावच नाही. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. भिंग मऊ कापडाने पुसले. व्यर्थ.

उषाचा अभ्यास बुडाला. पक्षाघातानंतर तिला सुटे शब्द येतात — 'पाणी', 'नको', 'बस'. दोन शब्द जोडता येत नाहीत. हिमायतनगरच्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंचे सांगणे असे की, तिचाच जुना आवाज ऐकवावा आणि मागोमाग म्हणून घ्यावे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचे निवेदन वर्षानुवर्षे उषाच करीत असे. त्या कॅसेटी चिन्मयने सीडीवर उतरवून दिल्या. माझी सारी भिस्त त्या एका सीडीवर आहे.

५ फेब्रुवारी

चिन्मयला पुण्यास फोन केला. "बाबा, माझा जुना डबा तो, किती टिकणार? आणि आईला एक दिवस सुट्टी द्या की!"

मुलगा आहे म्हणून ऐकून घेतले. उपचारात सुट्टी नसते.

६ फेब्रुवारी

ड्राइव्ह तसाच. उषा शांत झोपली.

७ फेब्रुवारी

कार्यालयातील संगणक विभागाचे दिलीप घरी आले. "काय वहिनी, साहेब घरीपण ऑडिट करतात काय हो?" उषा हसली — अर्धाच चेहरा हसतो.

ड्राइव्ह नादुरुस्त नाही! यंत्रातील उपकरणांच्या यादीत त्याच्या नावावर लाल फुली होती. "मशीन एकदम चांगलं आहे साहेब. कुणीतरी बंद करून ठेवलंय."

घरात आम्ही दोघेच, असे मी सांगितले.

"मग तुमचाच हात लागला असेल! परेशान नका होऊ." फुली कशी काढावयाची ते दाखवून, चहा घेऊन गेले.

माझा हात लागलेला नाही.

सायंकाळी अभ्यास घेतला. सीडीतील उषा म्हणाली, "रसिकहो, नमस्कार!" समोरची उषा — "र... र..." पुन्हा लावले. पुन्हा. ती भिंतीकडे पाहू लागली. एकाग्रता कमी पडते. बाईंना सांगावयास हवे.

८ फेब्रुवारी

पुन्हा लाल फुली!

नारायणगुड्याहून औषधे घेऊन परतलो, तो लॅपटॉप चालू. माउस डाव्या बाजूस ठेवलेला. मी तो उजव्या हाताने वापरतो. उषाचा उजवा हात उचलत नाही.

बँकेत संगणक आले, तेव्हा तिच्या शाखेतील साऱ्यांना शिकविले तिनेच. मला घरी शिकविले तेही तिनेच. तिची वाचा गेली. बाकी सर्व जागेवर आहे — आणि मी तिच्यासमोर बसून रोज 'र' घोटवून घेत होतो!

तिला काही विचारले नाही. फुली काढली नाही.

१० फेब्रुवारी

सीडी पाकिटात घालून ठेवीत होतो. पाकिटावर चिन्मयने तिचे छायाचित्र लावले आहे — मंचावर, ध्वनिक्षेपकासमोर, हात किंचित वर. उषाने डाव्या हाताचे बोट त्यावर ठेवले आणि प्रथमच दोन शब्द जोडले.

"ती गेली."

उच्चार अगदी स्पष्ट होता.