ओसाकाच्या स्वस्त तिकिटावर नेलेली उर्वशी

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
पोलीस स्टेशन, ब्रह्मपुरी

विषय : जपानच्या विमानासाठी नागपूरला नेलेल्या माझ्या नणंदेची प्रत्यक्ष खात्री करण्याबाबत.
संदर्भ : दि. १२ जुलै रोजी मी स्वतः येऊन दिलेली तोंडी माहिती.

महोदय,

सासूबाई कमळाबाई मला म्हणाल्या होत्या, "जीपमंदी दुपट्टा टाकून जागा धरतेत, तसा पोरीचा पासपोर्ट टाकून देऊन राह्यली काऊन? दुपट्टा गेला तं दुसरा घेता येते." मी बी.एस्सी. झालेली. "आई, विमानाचं तुमाले नाई समजत," म्हणून त्यांना गप्प केले.

नणंद उर्वशी (वय २२) हिला ओसाका शहरात वृद्धांच्या सेवेचे काम मिळाल्याचे पत्र आले. ऑनलाइन तिकीट परवडेना. नागपूरची जीप चालवणारे गोपालभाऊ बँकॉकमार्गे ग्रुपचे स्वस्त तिकीट काढून देतात असे कळले, म्हणून पासपोर्ट मीच त्यांच्या हाती दिला. तारीख विचारली तर म्हणाले, "आठ सवाऱ्या झाल्या का विमान निघते." सवाऱ्या भरेपर्यंत जीपमध्ये बसून राहायची आम्हाला सवय, त्यामुळे मला त्यात वावगे वाटले नाही. दि. ३ जुलैला ते तिला विमानतळाजवळ खोली आहे म्हणून घेऊन गेले.

त्यानंतर गोपालभाऊंनीच शेजारच्या रीताला काढून दिलेले तिकीट माझ्या पाहण्यात आले. ते आणि उर्वशीचे, दोन्ही तिकिटांवर बुकिंग क्रमांक एक, आसनसुद्धा एकच. गोपालभाऊंना दाखवले. "नंबर गाडीचा रायते वहिनी, सवारीचा नाई." विमान कंपनीला फोन केला, तर असे बुकिंगच नाही. रीताला तिच्या घरच्यांनी थांबवले आहे.

उर्वशीचा फोन चार दिवसांपासून दुसरीच बाई उचलते. सकाळी अकराला "झोपली आहे", दुपारी तीनला "झोपली आहे". धानाच्या रोवणीच्या दिवसांत पहाटे चारला उठणारी पोर एवढी झोपत नाही, साहेब. माझे पती म्हणतात, तुला सगळीकडे संशयच दिसतो. तसे असेल तर मी गोपालभाऊंची माफी मागेन, चारचौघांत मागेन.

खोलीचा पत्ता आम्हाला सांगत नाहीत. जीप मात्र रोज सकाळी सातला बसस्थानकासमोरून सुटते. लहान बाळामुळे मला तिच्या मागे जाता येत नाही. अर्जात काही कमी असल्यास मी नंतर पूर्ण करून देईन. आधी कोणाला तरी पाठवून उर्वशीला पाहून यावे. फोनवर नको. समोर उभी करून, ती बाई बाजूला नसताना, तिला घरी यायचे आहे का एवढे विचारावे.

आपल्या निरोपाची वाट पाहणारी,
सौ. मयुरी प्रफुल दोनाडकर
ब्रह्मपुरी, दि. १४ जुलै २०२५

सोबत :
१) दोन्ही तिकिटांच्या झेरॉक्स
२) उर्वशीचा फोटो (जाणाऱ्यांनी जवळ ठेवावा)