ठमी पळाली नव्हती, अण्णा

प्रिय अण्णा,

‘प्रिय’ लिहिलं, कारण हात सवयीनं तसाच वळला. खरं तर कालपासून मी तुमच्यावर इतकी चिडलेय की आज तुमच्या फोटोला हारसुद्धा घातला नाही. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. का भांडू नये? मी भांडणार आहे!

आमच्या नांदेडच्या घरी एक कुत्री आणलीय. गाडीखाली आली होती. प्राणी सांभाळणाऱ्या पोरांनी तिला वाचवलं आणि त्यांच्याकडून आम्ही घेतली. तुमच्या नातीनं, रुचानं, तिचं नाव ठेवलं बुंदी. पाय बरा झालाय, पण भीती काही जात नाही. कुकरची शिट्टी वाजली की पलंगाखाली, कुणी बेल वाजवली की भुंकून घर डोक्यावर. आणि रुचाची यंदा बारावी!

काल तुमचे जावई म्हणाले, “वर्षभर हिला माझ्या गावी, हिमायतनगरला नेऊन सोडतो. रुचा क्लासला गेली की नेतो. पळाली म्हणून सांगू. चार दिवस रडंल अन् लागंल अभ्यासाला.”

आई आता आमच्याकडंच असते. ती शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “ह्यांनीबी असंच केलं होतं की. ठमीला मुरुडला एकाच्या शेतावर नेऊन सोडली अन् सुनीला सांगितलं पळाली म्हणून.” मग माझ्या तोंडाकडं बघून दचकली. “अगं, तुला बोलले न्हाईत का कधी?”

नाही, अण्णा. कधीच बोलला नाहीत. केसानं गळा कापलात माझा, आणि तोही इतक्या मायेनं की मला पत्ताच लागला नाही.

ठमीला घरात आणलं कुणी होतं? तुम्हीच ना! भूकंपानंतर पडलेल्या गावांत भाकरी वाटायला शाळेतल्या मास्तरांबरोबर गेलात आणि टेम्पोतून हिला घेऊन आलात. आईनं विचारलं, “कुणाची हाय?” तुम्ही म्हणालात, “होती कुणाची तरी. आता आपली.” तेव्हा लातुरात सगळी गल्लीच अंगणात झोपायची, तोवर ठमीचं बरं चाललं. आपण परत घरात झोपायला लागलो आणि ती काही केल्या आत येईना. छपराखाली पाऊल टाकायलाच तयार नव्हती.

मग तुम्ही रोज उंबऱ्याजवळ तिच्याकडं पाठ करून जेवायला बसू लागलात. भाकरीचा तुकडा मागं टाकायचा, पण वळून बघायचं नाही. मी वळले की रागवायचात, “तिच्याकडं बघू नको गं. भेदरलेल्या जिवाला आपले डोळेबी टोचतात.” ताट रोज थोडं आत सरकायचं. एके दिवशी ती आली आणि थेट तुमच्या पाठीला पाठ लावून बसली. तुमचे डोळे भरून आले होते, मी पाहिलंय. असा माणूस तिला नेऊन कसा सोडू शकतो? सांगा ना!

कारण माझी बारावी होती, हेच ना? बारावी म्हणजे आपल्याकडं घरात सुतकच. केबल काढली, पाहुण्यांना यायची बंदी, मामाच्या लग्नाला सगळे गेले अन् मी गणितं सोडवत बसले. त्यात ठमी ट्रक गेला तरी भुंकायची. जमीन हलली असं वाटायचं बिचारीला. वरच्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या क्लासच्या पोरांनीही तक्रार केली. एका दुपारी मी ट्यूशनहून आले तर ठमीची जागा रिकामी. तुम्ही पेपरातून डोकं न काढता म्हणालात, “पळाली. येईल.”

पुढं काय झालं, ते मला जास्त लागलंय. आधी तुम्ही शोधायचं नाव काढलं नाहीत. मग एका संध्याकाळी आपणहून म्हणालात, “चल सुने, बघून येऊ.” स्कूटरवर मागं बसून मी हाका मारायची, पण तुमचा आवाज माझ्याहून मोठा. “ठमेऽऽ! ए ठमेऽऽ!” लोक थांबून बघायचे. रोज आपण बार्शी रोडलाच का जातो, एवढंच मला कळत नव्हतं. काल आईनं तेही सांगितलं. मुरुडच्या त्या शेतातून ठमी दावं तोडून सुटली होती. तसा त्या माणसाचा तुम्हाला निरोप आला होता. मुरुडची वाट तीच ना!

म्हणजे तुम्ही खरंच शोधत होतात. कालपासून मी हेच उलटसुलट करत बसलेय. तुम्हाला ती सापडायला हवी होती, जीव तोडून हवी होती. तरी मला सांगितलं नाहीत! सांगितलं असतंत तर मी तुमच्याबरोबर मुरुडपर्यंत आले असते, शेताशेतात फिरले असते. माझी हाक ऐकून ती आली नसती का? तुम्ही बार्शी रोडच्या नाक्यावरूनच स्कूटर वळवायचात, कारण त्याच्या पुढं गेलं की मी विचारलं असतं. स्वतःचं खोटं झाकायला तुम्ही तिला वाऱ्यावर सोडलंत.

आणि मी वेडी! मी दार नीट लावलं नाही म्हणून ती गेली, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. तुम्हाला ते माहीत होतं. मी तुमच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले होते, अण्णा. तुम्ही थोपटत राहिलात, “तुझी काही चूक न्हाई, बाळा,” म्हणत राहिलात. मग कुणाची होती, ते सांगायला तोंड का उघडलं नाही?

आज रुचा क्लासहून आली तेव्हा मी तिला आणि तिच्या बापाला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. ठमीचं, तुमचं, आणि कालच्या बेताचंही. हे खाली मान घालून बसले. रुचा बापावर ओरडली, दार आपटून आत गेली, जेवली नाही. उद्या तिची टेस्ट आहे. बुडाली तर बुडू दे.

बुंदीला कुठं पाठवायची वेळ आलीच, तर रुचाला आधी सांगीन, गाडीत शेजारी बसवून नेईन, आणि तिथून परत येताना ती रडेल तेवढं रडू देईन. हा माझा शब्द. आपणच नेऊन सोडलेलं ‘हरवलं’ म्हणून माझ्या लेकीला मी कधी शोधायला लावणार नाही.

तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. गेला की कळवीन.

तुमचीच, त्याला काही इलाज नाही,
सुनी