चुलीपुढचा डिप्लोमा

१ जून १९६१, गुरुवार

डोकं फिरलं आहे म्हणून लिहितोय. लिहिल्यानं राग उतरतो म्हणतात. बघू.

आमचे चिरंजीव उत्तरेश्वर मॅट्रिक पास झाले, सेकंड क्लास. त्याला आमच्याच कचेरीत चिकटवावं म्हणून मी वर्षभर भाऊसाहेबांच्या, म्हणजे आमच्या हेडसाहेबांच्या, मागंपुढं केलं. आणि आज जेवता जेवता हा शांतपणे सांगतो, मुंबईच्या केटरिंग कॉलेजात माझी निवड झालीय. मागच्या महिन्यात पुण्याला मित्राच्या लग्नाला म्हणून गेला, तो मुलाखत देऊन आला होता.

केटरिंग म्हणजे काय, विचारलं. म्हणाला, स्वयंपाकाचा कोर्स. तीन वर्षं. शेवटी डिप्लोमा.

तीन वर्षं! बी.ए. झालेला माणूस दोन वर्षांत वकील होतो.

राग उतरला नाही.

२ जून

हिशेब मांडला. हिशेबात कचेरीत माझा हात धरणारा कोणी नाही. फी, होस्टेल, पांढरा कोट, पांढरी टोपी, सुऱ्या, जाणं-येणं. तीन हजारांच्या घरात जातंय. शिवाय मेसचे पैसे वेगळे. स्वयंपाक शिकायला जायचं आणि जेवायचे पैसे वेगळे. लुटारू आहेत.

मिळकतीच्या रकान्यात शून्य लिहिलं.

शेजारच्या खाजाभाईंना सांगितलं, तर ते उलटेच. त्यांचा भाचा मुंबईच्या मोठ्या हॉटेलात भांडी मांडतो. त्याच्या सांगण्यावरून डिप्लोमावाल्याला सुरुवातीलाच पावणेदोनशे मिळतात म्हणे. मला एकवीस वर्षांच्या नोकरीनंतर एकशे बासष्ट मिळतात. तेव्हा हा आकडा खोटा आहे, हे उघड आहे. खाजाभाईंशी बोलणं बंद.

३ जून

आज घरात स्पष्ट सांगून टाकलं. चुलीपुढं बसायला काय अक्कल लागते? बायका शिकल्या होत्या का कॉलेजात?

तुळजाबाई भाकऱ्या थापत होती. हात झटकून उठली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण असं कधी बोलली नव्हती.

"अक्कल लागत न्हाय ना? मग तुमी बसा."

दुपारच्या मोटारीनं तेरला बहिणीकडं गेली. जाऊ दे. पुढच्या रविवारी भाऊसाहेबांना जेवायला बोलवलंय. पुरणपोळी मी स्वतः करणार. जेवण झालं की उत्तरेश्वरच्या नोकरीचा विषय काढणार. एका दगडात सगळे गार.

उत्तरेश्वरला चुलीपाशी फिरकायचं नाही अशी ताकीद दिली. त्यानं मान हलवली. त्याच्या मान हलवण्याचाही राग येतो.

५ जून

सराव. भाकरी तव्याला चिकटली. तवा खराब आहे. दुसरी मोडली. पीठ जुनं.

कचेरीत काम फार, म्हणून बंडप्पाच्या खानावळीत जेवलो. तात्पुरतं.

८ जून

बंडप्पानं भर खानावळीत विचारलं, महिन्याचं खातं उघडू का? मी सरकारी माणूस आहे, असा अपमान सहन करणार नाही, असं ठणकावलं.

खातं उघडलं.

११ जून, रविवार

सविस्तर लिहायची इच्छा नाही.

डाळ वाण्यानं भेसळीची दिली होती, म्हणून पुरण पातळ झालं. पोळी तव्यावर फुटली. पुरण निखाऱ्यात पडलं. धूर इतका, की बोलणं बंद असलेले खाजाभाई बादली घेऊन धावत आले. भाऊसाहेब बाहेरच्या खोलीत बसून खोकत होते. त्यांना सांगितलं, होम केला.

तेवढ्यात उत्तरेश्वर ताकीद मोडून आत आला. मला हाताला धरून पाटावर बसवलं, बाह्या सारल्या, उरलेल्या कटाची आमटी केली, भाकरी थापल्या, ठेचा वाटला. मी बघत होतो. भाकरी त्याच्या हातात फिरत होती, अगदी त्याच्या आईसारखी. मला फार संताप आला.

भाऊसाहेबांनी आमटी पुन्हा पुन्हा मागितली. कुणी केली, विचारलं. मी म्हणालो, घरच्या माणसानं. मी घरचाच आहे, तेव्हा खोटं बोललो नाही.

ते उत्तरेश्वरच्या हाताला लागलेलं पीठ बघत होते. जाताना मला म्हणाले,

"महारुद्रराव, पोराला मुंबईला धाडा. कारकुनीत हा हात वाया जाईल."

१३ जून

शिपाई बिराप्पाकडून कळलं. कचेरीतली ती जागा भाऊसाहेबांच्या मेहुण्याला गेली. ऑर्डर मागच्या महिन्यातच निघाली होती. म्हणजे रविवारी ते नुसतं जेवायला आले होते.

दिवसभर कुणाशी बोललो नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

१५ जून

हिशेब पुन्हा तपासला. मिळकतीच्या रकान्यात पावणेदोनशे लिहिले. हा आकडा मी पहिल्यापासूनच धरून चाललो होतो. फक्त मांडायचा राहिला होता.

तुळजाबाई आली. पाटल्या काढून माझ्यापुढं ठेवल्या आणि भांडी घासायला बसली. पाटल्या परत तिच्या पुढ्यात आपटल्या. नवरा मेलाय का? कचेरीच्या सोसायटीतून कर्ज काढलं. सही इतक्या रागानं केली की कागद फाटला. दुसरा अर्ज लिहावा लागला.

२५ जून, रविवार

एस.टी. स्टँड, सकाळची सोलापूर मोटार. तिकडून रेल्वेनं मुंबई. तुळजाबाई सोलापूरपर्यंत गेली. चार दिवस भावाकडं राहणार. मला विचारलं नाही.

मी भाषण तयार केलं होतं. एक वर्ष ट्रायल. नापास झालास तर सरळ परत. बापाला फसवून मुलाखती देतोस, हे मी विसरणार नाही. ट्रंक टपावर चढवताना माझ्या शर्टाची बाही फाटली, त्याचाही उल्लेख करणार होतो.

तो वाकून पाया पडला.

"आप्पा, तुम्ही नाही म्हणला असता, तर गेलो नसतो."

मी "नीट जेवत जा" एवढंच म्हणालो. स्वयंपाक शिकायला निघालेल्या माणसाला. मोटार सुटली.

रात्री. बंडप्पा अणदूरला गेलाय. खानावळ बंद. चूल पेटवली. एकदाची पेटली. पातेल्यात तांदूळ टाकले आहेत.

पाणी किती घालायचं, ते विचारायचं राहिलं.