केतुतने प्यायलेले पाणी

मी, नी नेंगा रुप्ती, कै. इ मादे गेरेब यांची विधवा, धंदा विणकाम, राहणार कारांगासेम, बाली, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी दटावलेले नसताना हे सांगते. मला लिहिता येत नाही. कचेरीतला पुतु लिहून घेतो आहे; भाषा सजवायची नाही, असे त्याला बजावले आहे.

एक. माझा हातमाग, रंगाची मडकी आणि चूल लुह सुदेनीला द्यावी. ती माझा दीर केतुत याची नात. तिचा पाय जन्मापासून अधू आहे, हात धड आहेत.

दोन. नारळाची बाग. ती मी कापड विणून घेतली. नवरा गेल्यावर केतुत म्हणाला, वडिलोपार्जित आहे. गावाने त्याला देवळात शपथेला उभे केले. "खोटं बोलत असेन तर माझ्या सात पिढ्यांना भोवो," असे म्हणून तो तीर्थ घटाघटा प्यायला. मी म्हटले, "भावजी, घसा फार कोरडा पडला होता वाटतं." तो म्हणाला, "वहिनी, आता देव बघेल."

स्वतःचा जीव पणाला लावला असता तर मी गप्प बसले असते. ह्याने न जन्मलेली पोरे लावली.

मग सुदेनी जन्मली. गावाने तिचा पाय पाहिला आणि म्हटले, शपथ भोवली. तिच्या हातचा नैवेद्य देवळात घेत नाहीत, तिला कोणी मागणी घालत नाही. बाग मात्र अजून केतुतचीच. म्हणजे शपथ खोटी म्हणून पोर बाटली, आणि शपथ खरी म्हणून बाग त्याची. अशा गावाला मी काय म्हणते, ते पुतु लिहायला तयार नाही.

परवा पोरीने विचारले, "आजी, मी कधी खोटं बोलले गं?"

तीन. बाग केतुतनेच ठेवावी. पण त्याच देवळात, सगळ्या गावासमोर, शपथ खोटी होती असे सांगून प्रायश्चित्त करावे आणि पोरीला सोडवावे.

चार. तोवर मला जाळू नये, मातीत पुरून ठेवावे. दहन झाले नाही की मेलेले माणूस घरच्यांच्या मानेवर बसते, हे केतुतला ठाऊक आहे. आमचे अंगण एकच आहे. मला घाई नाही.

पाच. दहनाचा नैवेद्य सुदेनीने करावा. पुजाऱ्याने तो तिच्या हातून घ्यावा.

नी नेंगा रुप्ती, डाव्या अंगठ्याचा ठसा.

साक्षीदार:
१. इ गेदे पागेह, देवळाचे पुजारी. सही.
२. इ केतुत सुवेका, दीर. मजकूर वाचून दाखवला. सही केलेली नाही. उठून गेलेलेही नाहीत.

कारांगासेम, कुनिंगान सणाचा आदला दिवस, १९८८.